वर्ग तिसऱ्या मजल्यावर, पगार पुढच्या महिन्यात

माझी खालाजाद बहीण कॉलेजात शिकवते हे कळलं की वलीम्याच्या जेवणात शेजारच्या बाईंचा सूर बदलतो. "माशाअल्लाह, प्रोफेसर! मग लाखभर तर असेलच." आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो आणि विषय बिर्याणीवर नेतो. तिला महिन्याला बारा हजार रुपये मिळतात, तेही वर्षातले दहा महिने. जानेवारी संपत आला तरी नोव्हेंबर आणि डिसेंबरचे यायचे होते. दस्तरखानावर बसून सांगावं असं यात काही नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तिचं नाव देत नाही, कॉलेजचंही देत नाही. दर जूनमध्ये तिच्या जागेची नव्याने जाहिरात निघते, ती नव्याने अर्ज करते, नव्याने मुलाखत देते. सात वर्षं हेच चाललं आहे. नाव छापून आलं तर आठव्या वर्षी बोलावणं येईलच असं नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात आपल्याच समाजातल्या लोकांनी, चांगल्या नियतीने काढलेलं कॉलेज आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्या शाळेतल्या मुली बारावीनंतर बहुतेक तिथेच जातात. त्यांना तिथे काय मिळतं हे एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून मी एक किरकोळ रजा टाकली आणि तिच्याबरोबर सकाळच्या एसटीत बसले.

अडतीस किलोमीटरचा रस्ता. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ते तिच्यासाठी पगारवाढीसारखंच होतं. संस्थेकडून तरी सात वर्षांत वाढ अशी झालेली नाही. तिचा मुलगा दुसरीत आहे. त्याला उठवणं, डबा भरणं सासूबाई करतात. बसमध्ये ती नोट्स वाचत होती. मधेच म्हणाली, "बाजी, आज कुठे बसवतील सांगता येत नाही. काल लायब्ररीत होतो, परवा कँटीनच्या शेडमध्ये."

गेटमधून आत शिरताच कारण दिसलं. दोन मजली इमारतीवर तिसरा मजला चढतो आहे. आवारात खडी आणि वाळूचे ढीग, सळयांचे भारे, सिमेंटच्या गोण्या. दुसऱ्या मजल्याच्या छतावर सेंटरिंगच्या फळ्या लागल्या होत्या आणि चार दिवसांत स्लॅब टाकायचा होता. जिन्याचा अर्धा भाग मालाने अडलेला, त्यामुळे मुलं-मुली एका रांगेत वर जात होती. मुलींची नमाजची खोली होती, तिथे आता गोण्या ठेवल्या आहेत. हे तात्पुरतं आहे असं मला दोन वेळा सांगितलं गेलं. बांधकाम सुरू होऊन चौदा महिने झाले आहेत.

मस्टरवर सही करून ती साडेआठला पहिल्या तासाला गेली, मी मागे जाऊन बसले. बी.ए. दुसरं वर्ष, राज्यशास्त्र, जागा लायब्ररी. एका बाजूला ग्रंथपाल पुस्तकांची नोंद करत होते, दुसऱ्या बाजूला बेचाळीस मुली आणि नऊ मुलं. फळा नव्हता. तिने एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर स्केचपेनने मुद्दे लिहून आणले होते, ते कपाटाला चिकटवले. विषय होता संविधानाचं कलम ३०. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क कलम ३० देतं. मदत देताना एखादी संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून सरकारने भेदभाव करू नये, असं त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आहे.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग आपल्या कॉलेजला अनुदान का नाही?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर देणारीचा पगार त्यातच अडकलेला होता. तिने शांतपणे सांगितलं. नोव्हेंबर २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की यापुढे नव्या कॉलेजांना परवानगी मिळेल ती कायम विनाअनुदान तत्त्वावर. हे सगळ्यांना लागू झालं, फक्त मुस्लिम संस्थांना नाही. आपलं कॉलेज त्यानंतर निघालं. त्याआधीच्या कॉलेजांत शिक्षकांचा पगार सरकार देतं, आपल्याकडे तुमच्या फीतून निघतो. तिने 'आमचा' असा शब्द एकदाही वापरला नाही. इतक्यात वर ड्रिल सुरू झालं आणि पुढची दहा मिनिटं तिच्या ओठांच्या हालचालीवरून समजून घ्यावी लागली. मुलींना त्याची सवय झाली आहे, त्या आपोआप पुढे सरकल्या आणि वह्या काढल्या. एवढ्या गोंगाटात तिने पाऊण तासात कलम ३० पुरं केलं. मी बावीस वर्षं शिकवते आहे. मला जमलं नसतं.

आता थोडा हिशेब, कारण या दिवसातलं खरं दुखणं तिथेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. ती अठरा तास घेते. म्हणजे महिन्याला साधारण बहात्तर तासिका. बारा हजारांना बहात्तरने भागलं तर एका तासिकेचे एकशे सदुसष्ट रुपये पडतात. त्याच आयोगाने २०१९ च्या जानेवारीत अतिथी अध्यापकासाठी एका व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं मानधन सुचवलं होतं. कंत्राटी नेमणुका अगदी गरज असेल तरच कराव्यात आणि एकूण शिक्षकांच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नयेत, असंही २०१८ च्या नियमांत आहे. या कॉलेजात सतरा शिक्षक आहेत. सतराच्या सतरा दहा महिन्यांच्या नेमणुकीवर.

ही काही एकाच कॉलेजची गोष्ट नाही, आणि आपल्याच समाजाचीही नाही. अनुदानित कॉलेजांतही निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि तासिका तत्त्वावरच्या लोकांनी वर्ग सांभाळले. पीएच.डी. झालेले, सेट-नेट झालेले कितीतरी जण उन्हाळ्यात शेतात, दुकानात किंवा रिक्षावर दिसतात. तिच्याच कॉलेजातले वाणिज्य शिकवणारे सर संध्याकाळी चुलतभावाच्या मोबाइल दुकानात बसतात. त्यांचं एक ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी एवढंच विचारलं होतं, "मुलगा पर्मनंट आहे का?" त्यांनी खरं सांगितलं. बायकांच्या बाबतीत मात्र उलट होतं. सासरी 'सून प्रोफेसर आहे' हे मिरवायला चालतं, पगार किती हे कुणी विचारत नाही, कारण तो घरखर्चाचा पैसा आहे असं कुणी धरतच नाही. माझ्या बहिणीच्या बारा हजारांतून मुलाची फी जाते आणि सासऱ्यांची रक्तदाबाची औषधं येतात. मेडिकल दुकानात काम करणाऱ्या नवऱ्याच्या पगारात उरलेलं भागतं. हा घरखर्च नाही तर काय आहे?

मधली सुट्टी

साडेदहाला सुट्टी झाली. मुलींचं स्वच्छतागृह बंद होतं. नव्या मजल्याचे पाइप तिथून न्यायचे आहेत. साडेपाचशे विद्यार्थ्यांत साडेतीनशेहून जास्त मुली आहेत आणि त्यांच्यासाठी चालू असलेली एकच जागा स्टाफरूममागे आहे, शिक्षिकांची. बऱ्याच मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. गावातल्या मुली मधल्या सुट्टीतच घरी जातात, त्यातल्या निम्म्या परत येत नाहीत. अकराच्या तासाला बेचाळीसच्या तेवीस उरल्या. बहिणीने हे तीन वेळा लेखी दिलं आहे. ठेकेदार म्हणतो पंधरा दिवसांत होईल.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचं प्रमाण चार टक्क्यांहून कमी आहे आणि एकूण लोकसंख्येत ते सातच्या आसपास आहे. त्यानंतर आपल्या मुली कॉलेजात मोठ्या संख्येने आल्या, हे कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी बसस्टँडवर उभं राहिलं तरी दिसतं. घरून परवानगी मिळाली, बसमध्ये जागा मिळाली, आणि मग ती मुलगी अकराच्या तासाला गैरहजर राहते ती पाइपांमुळे. अशा कारणांची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

स्टाफरूम म्हणजे एक लांब टेबल आणि अकरा खुर्च्या. तिथे नॅकच्या फायली पसरलेल्या होत्या. कॉलेजला पहिल्यांदाच मूल्यांकनाला सामोरं जायचं आहे, म्हणून शिकवणं संपलं की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक निकष. आधाराला जुन्या पद्धतीची पुस्तिका होती. आता ती पद्धत बदलते आहे, पण आकडे बघण्यासारखे आहेत. २०१७ पासून लागू असलेल्या त्या पद्धतीत संलग्न कॉलेजासाठी एकूण १००० गुण. त्यात शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापन या निकषाला ३५०, आणि इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा वगैरे सगळ्या सुविधांना मिळून १००. मी पुस्तिका दोनदा वाचली. तिसरा मजला नॅकसाठी चढतो आहे असं मला सकाळपासून निदान चौघांनी सांगितलं होतं.

तिच्या स्वतःच्या पीएच.डी.चंही थोडक्यात सांगते. नोंदणी झाली तेव्हा मौलाना आझाद फेलोशिप मिळेल अशी आशा होती. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठी २००९ पासून चालू असलेली ती फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. त्याच वर्षी पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीही थांबली. आता तिचा प्रबंध रात्री दहानंतर, मुलगा झोपला की पुढे सरकतो. पाच प्रकरणांपैकी तीन झाली आहेत.

सदर साहेबांच्या खोलीत

बाराच्या सुमारास मला संस्थेच्या सदर साहेबांना भेटता आलं. मी बाहेरची, त्यात शाळेतली बाई, आणि आमच्या शाळेतून दरवर्षी तीस-चाळीस मुली त्यांच्याकडे येतात. त्यामुळे चहा आला आणि बोलणंही मोकळं झालं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. सत्तरीचे आहेत, संस्थेतून एक रुपया घेत नाहीत, उलट पहिल्या चार खोल्या त्यांनी स्वतःचा प्लॉट विकून बांधल्या.

त्यांचं म्हणणं असं. नवीन अभ्यासक्रम हवे तर खोल्या दाखवाव्या लागतात. सहा खोल्यांचा तिसरा मजला साठ लाखांचा आहे, एक्केचाळीस लाख जमले आहेत. फी निम्म्या मुलांची हप्त्याने येते आणि शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर जमा होत नाहीत. मग पगार मागे पडतो. "बाईसाहेब, खोलीसाठी माणूस दुबईहून पैसे पाठवतो. वालिदांच्या नावाने पाटी लागते, ईसाले सवाब होतो. पगारासाठी चंदा मागा बरं कुणाकडे! लोक म्हणतात, फी घेता ना?"

हे खोटं नाही. जिन्याजवळ काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे. एका खोलीचे पाच लाख, प्रत्येक खोलीवर देणाऱ्याच्या मरहूम आई-वडिलांचं नाव. या नावांविषयी माझ्या मनात आदर आहे. सौदीत किंवा ओमानमध्ये पंचवीस वर्षं राबून गावातल्या कॉलेजला पाच लाख देणारा माणूस छोटा नाही. पण वर्षाला दहा पगार धरले तर त्याच पाच लाखांत एका शिक्षिकेचा चार वर्षांहून जास्त पगार निघतो. सगळा तिसरा मजला म्हणजे सतराही शिक्षकांचा जवळजवळ तीस महिन्यांचा पगार. आणि त्या मजल्यावर नव्या सहा खोल्या तयार झाल्या की त्यांत शिकवायला आणखी माणसं लागतील. त्यांना कुठून द्यायचं, हे मी विचारलं. सदर साहेब म्हणाले, "अल्लाह मालिक है." मी गप्प बसले, कारण ते मनापासून बोलत होते. पण एवढं माझ्या मनात राहिलं की सिमेंटवाल्याला कुणी असं उत्तर दिलेलं नाही.

त्या दिवशी शनिवार होता. दुपारी मुकादमाने गवंड्यांना आठवड्याची मजुरी वाटली. गवंड्याचा रोज नऊशे रुपये, हाताखालच्या माणसाचा सहाशे. सव्वीस दिवस काम मिळालं तर गवंड्याचे तेवीस हजार चारशे होतात, प्राध्यापिकेच्या जवळजवळ दुप्पट. गवंड्याला जास्त मिळतं ही माझी तक्रार नाही. उन्हात भाजून, जीव धोक्यात घालून केलेल्या कामाचे ते पैसे आहेत, आणि पाऊस लागला की तेही बंद. त्यातल्या एका गवंड्याची मुलगी इथेच बी.ए.ला आहे. फरक एवढाच की शनिवारी पैसे मिळाले नाहीत तर सोमवारी गवंडी येणार नाही, हे संस्थेला माहीत आहे. शिक्षिका येणार हेही माहीत आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची ताकीद नबी करीम (स.) यांनी केली आहे, आणि ही हदीस आपल्याकडे प्रत्येक ठेकेदाराला ऐकवली जाते. वर्गात उभ्या राहणाऱ्याचा घाम त्यात धरत नाहीत का?

आधी काय झालं होतं

इमारत आधी की मास्तर आधी, हा वाद आपल्याकडे नवा नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा सुरू केला, त्याचं पुढे कॉलेज आणि शेवटी विद्यापीठ झालं. त्यांचा भव्य इमारतींवर फार भर होता. समाजाच्या डोळ्यांत मान उंचावेल असं काही उभं राहावं, असं त्यांना वाटायचं. पैशासाठी त्यांनी काय केलं नाही! लॉटरी काढली, भल्या भल्यांचा विरोध पत्करून स्वतः रंगमंचावर उभे राहिले. देणगीदारांची नावं दगडात कोरून भिंतीत बसवली, ती आजही तिथे वाचता येतात. आपली ग्रॅनाइटची पाटी त्याच घराण्यातली.

त्याच्या नऊ वर्षं आधी, १८६६ मध्ये, देवबंदचं काम निराळ्या रीतीने सुरू झालं होतं. छत्ता मस्जिदीत डाळिंबाच्या झाडाखाली एक उस्ताद आणि एक शागिर्द, एवढ्यावर. दारुल उलूमची स्वतःची इमारत उभी राहू लागली ती साधारण दहा वर्षांनी. पैसा यायचा तो सामान्य घरांतल्या लहान लहान चंद्यातून, आणि मौलाना कासिम नानौतवी यांचा आग्रहच होता की भार अशाच लोकांच्या चंद्यावर असावा. त्या पहिल्या शागिर्दाला पुढे सगळा हिंदुस्थान शैखुल हिंद मौलाना महमूद हसन म्हणून ओळखू लागला. अलीगढची रीत चुकीची असं मला म्हणायचं नाही. तिथून जे निघालं ते आपण सगळे जाणतो, आणि झाडाखाली रसायनशास्त्र शिकवता येत नाही. पण आपण अलीगढच्या भिंती तेवढ्या लक्षात ठेवल्या.

याहूनही जुनं उदाहरण बगदादच्या निजामिया मदरशाचं. अकराव्या शतकात वजीर निजामुल मुल्क यांनी तो काढला तेव्हा इमारतीबरोबर वक्फ मिळकतीही लावून दिल्या, आणि त्यांच्या उत्पन्नातून उस्तादांचा तनखा आणि विद्यार्थ्यांचा वजीफा चालायचा. इमाम गजाली तिथे शिकवायला आले ते १०९१ मध्ये. म्हणजे शिकवणाऱ्याच्या भाकरीची सोय वक्फातून करणं ही काही पाश्चात्त्यांकडून शिकायची गोष्ट नाही, आपल्या घरातलीच आहे.

मग आज काय करता येईल? मी सदर साहेबांना दोन गोष्टी सुचवल्या. कॉलेजची रस्त्याकडची बाजू मोकळी आहे, तिथे तिसऱ्या मजल्याआधी आठ-दहा गाळे काढले असते तर त्यांचं भाडं कायम पगाराला लागलं असतं. व्याजाचा प्रश्न नाही, दर महिन्याला दारात हात पसरायला नको. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की हे चार वर्षांपूर्वी कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. दुसरी गोष्ट लहान आहे. गावात आणि आसपास शंभर घरांनी महिन्याला पाचशे रुपये द्यायचं ठरवलं तर पन्नास हजार होतात. सतरा जणांचा पगार दोन लाख चार हजार आहे. चौथा भाग तरी हमखास हातात राहील आणि फी उशिरा आली तरी कुणाचे दोन महिने अडकणार नाहीत. अट एवढीच की हा पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि त्यातून सिमेंटची एक गोणीही येऊ नये.

जकातीबद्दल बऱ्याच भगिनी विचारतात म्हणून इथेच लिहिते. हनफी उलेमांच्या मते जकातीत तमलीक लागते, म्हणजे तो पैसा गरजूच्या हातात जाऊन तो त्याचा मालक व्हावा लागतो. त्यामुळे जकात सरळ इमारतीत किंवा पगारात घालता येत नाही. गरीब विद्यार्थिनीला जकात दिली आणि तिने त्यातून आपली फी भरली तर ते चालतं, आणि फी वेळेवर आली की पगारही वेळेवर होतो. सदका आणि लिल्लाहची रक्कम मात्र शिक्षकांच्या पगाराला देता येते. कोकणातल्या शाफई घरांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. रमजानच्या तोंडावर हे विचारायला वेळ चांगली आहे.

जोहरनंतर बहिणीचे आणखी दोन तास झाले, त्यातला एक कँटीनच्या शेडमध्ये. समोशांच्या वासात आणि मिक्सरच्या घरघरीत तिने मतदारसंघांची पुनर्रचना शिकवली. मग चार वाजेपर्यंत नॅकची फाइल. निघताना तो गवंडी जिन्यात भेटला. सिमेंटचे हात मागे घेत त्याने सलाम केला आणि विचारलं, "मॅडम, पोरगी कशी आहे अभ्यासात?" ती दोन मिनिटं थांबली. मुलगी हुशार आहे, इंग्रजी कच्चं आहे, शनिवारी थांबली तर वेगळं शिकवीन असं म्हणाली. शनिवारच्या त्या तासाचे तिला काही मिळणार नाहीत.

बसमध्ये मी तिला विचारलं, सोडून का देत नाहीस? आमच्या ओळखीत एक खाजगी शाळा पंधरा हजार द्यायला तयार आहे. ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. "बाजी, तिसऱ्या वर्षाला चौदा मुली आहेत. त्यातल्या सहा जणी एम.ए. करणार म्हणतायत. मी मधेच गेले तर जूनपर्यंत त्यांना कुणी नाही." मग म्हणाली, "पण दर वर्षी चौदा असणारच ना. हे मलाही कळतं." आणि नोट्स काढून दुसऱ्या दिवसाचं वाचायला लागली.

स्लॅब ठरल्या दिवशी पडला, आता वर पाणी मारणं चालू आहे. नोव्हेंबरचा पगार तिच्या खात्यात आला आहे, डिसेंबरचा नाही. मुलींचं स्वच्छतागृह उघडलं, पण नळाला अजून पाणी नाही. पाचशे रुपयांच्या फंडाबद्दल सदर साहेबांनी मला सांगितलं आहे की आधी वीस घरं दाखवा, मग रमजानच्या आधीच्या बैठकीत विषय घेतो. आतापर्यंत अकरा घरांनी होकार दिला आहे. त्यातली तीन शिक्षकांची आहेत, एक मोबाइल दुकानाचं, आणि एक त्या गवंड्याचं. त्याचे पाचशे नको असं मी म्हटलं, तर त्याने ऐकलं नाही, दोनशे तरी घ्याच म्हणाला.